रोकडेमामांचा पेला

आमच्या फाउंड्रीत नवीन माणूस कामाला लागला की त्याला दोन गोष्टी पहिल्याच आठवड्यात सांगितल्या जात. भट्टीजवळ नायलॉनचा शर्ट घालून जायचे नाही. आणि रोकडेमामांच्या पेल्याला हात लावायचा नाही.

पेला साधाच होता. स्टीलचा, बुडाशी थोडा चेपलेला. पॅटर्न स्टोअरच्या दाराआड एका खिळ्याला कापडी पिशवी लटकत असे, त्या पिशवीत तो असायचा. चहाची किटली आली की मामा पेला घेऊन बाहेर येत आणि चहावाल्याला म्हणत, "वरून सोड." किटलीची चोच पेल्याच्या काठाला लागलेली त्यांना चालत नसे. चहा झाला की स्वतः विसळायचा, स्वतः पुसायचा, पिशवीत ठेवायचा. कोणी चुकून उचललाच तर ते हातातून काढून घेत. रागाने नव्हे. झोपेला आलेल्या लेकराच्या मुठीतून कात्री काढून घ्यावी, तसे.

मी परंड्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन चाकणला आलो. माझे वडील बाजार समितीत हमाली करत. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, त्यामुळे पदवीचे पुढे काय करायचे हे सांगणारे घरात कोणी नव्हते. नोकरी मिळाली ती वाळूच्या लॅबमध्ये. ओतकामाची वाळू किती ओली आहे, किती घट्ट बसते, हे तपासत राहायचे. लॅब आणि पॅटर्न स्टोअर यांच्यामध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीपलीकडे उत्तम रोकडे बसत. कुरुळीत खोली त्यांनीच बघून दिली. साहेबाशी बोलताना मान खाली घालायची नाही, हेही त्यांनीच शिकवले. आज मी जो काही आहे त्यातले बरेचसे त्या भिंतीपलीकडून आलेले आहे.

पॅटर्न म्हणजे लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा नमुना. तो वाळूत दाबून साचा करायचा, साच्यात वितळलेले लोखंड ओतायचे, थंड झाले की साचा मोडून कास्टिंग बाहेर काढायचे. कास्टिंग गिऱ्हाइकाकडे जाते, वाळूचा साचा मोडतो, मागे राहतो तो फक्त पॅटर्न. तो परत रॅकवर जातो. असे शेकडो नमुने मामांच्या ताब्यात होते. पंपाचे, गिअरचे, कधीच्या काळी बंद पडलेल्या मशीनचे. मामा उंच, किडकिडीत. खाकी शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रंगाऱ्याचा ब्रश. त्या ब्रशने ते एकेका नमुन्याची धूळ काढत. सागवानी नमुने दमट हवेत वाकतात म्हणून त्यांची कूस बदलत. वाळवीचा वास त्यांना दारातून यायचा.

सकाळी लॅबच्या खिडकीत त्यांचा चेहरा दिसे. "काय बीएस्सी, आज वाळू काय म्हणते?"

"ओली आहे मामा."

"मग तिला सांग, रडू नको."

कारखान्यात मला नावाने कोणीच हाक मारत नसे, सगळ्यांचा मी बीएस्सी. पण मामा तो शब्द उच्चारायचे तेव्हा त्यात चेष्टेपेक्षा अभिमान जास्त असायचा, जणू माझी पदवी त्यांनीही थोडी घेतली आहे.

त्यांचे एक वाक्य होते. "असू द्या, लागेल." तुटका क्लॅम्प असो, रिकामा डबा असो, मोडकी खुर्ची असो. एकदा वाकडला राहणारे एक तरुण मॅनेजर नव्याने आले. त्यांनी सगळे स्टोअर फिरून बघितले आणि मागच्या तीन रॅककडे बोट दाखवले.

"रोकडे, हे कधीपासून पडून आहे?"

"माझ्या आधीपासून साहेब."

"मग भंगारात काढा. जागा अडते."

"असू द्या साहेब, लागेल."

"कधी लागेल?"

"ते गिऱ्हाइकाला माहीत. आपलं काम ठेवायचं."

साहेब हसले आणि निघून गेले, पण हुकूम मागे घेतला नाही. मामा रोज एखादी सबब सांगून दिवस ढकलत राहिले. मग एका साखर कारखान्याचा माणूस घाईघाईने आला. ऐन हंगामात त्यांच्या जुन्या पंपाचे बाहेरचे लोखंडी घर तडकले होते आणि तो पंप बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती. मामांनी मागच्या रॅकवरून एक नमुना काढला, फुंकर मारली, कडांवरून अंगठा फिरवला. दुपारी साचा भरला, संध्याकाळी कास्टिंग बाहेर पडले. नवीन नमुना करायचा म्हटला असता तर किती आठवडे गेले असते देव जाणे. मॅनेजरसाहेब स्वतः किटली घेऊन स्टोअरच्या दारात आले. मामांनी पिशवीतून पेला काढला आणि समोर धरला.

"वरून सोडा साहेब," ते म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही भट्टीमागच्या शेडमध्ये गोल करून बसत असू. आमच्याकडे रीत अशी की डबे उघडायचे, भाज्या मध्ये सरकवायच्या आणि ज्याचा हात ज्या डब्यात जाईल तिथे जाऊ द्यायचा. लातूरची शेंगाचटणी, कोकणातली सुकट, खेडकडची भाकरी, सगळे एका घेऱ्यात. मामांची पद्धत निराळी होती. ते डबा उघडत, पण खायला हात लावण्याआधी चमच्याने सगळ्यांना वाढत. मामींच्या हातची भरली वांगी प्रत्येकाच्या झाकणात पडली की उरलेले घेऊन ते घेऱ्यापासून जरा मागे सरकत. दुसऱ्याच्या डब्यातले त्यांनी कधी घेतले नाही. कोणी हातावर ठेवले तर म्हणत, "माझं पोट भरलंय."

मोल्डिंगवरचा दौंडकर हा जवळच्याच गावचा, जिभेला हाड नसलेला. तो एकदा म्हणाला, "मामा, आमच्या डब्यात काय इख कालवलंय व्हय?"

"तुझ्या डब्यात नाही रे दौंडकर," मामा म्हणाले.

दौंडकर गप्प बसणारा नव्हता. "न्हाई, आमी आपलं इचारतो. माझी आजी तुमच्या लोकांना वरून पानी घालायची म्हनत्यात. आता तुमी आमच्याकडून वरून च्या घेता. उलटंच झालं की राव."

दोघेतिघे हसले आणि मधेच थांबले. मामा बौद्ध होते हे सगळ्यांना ठाऊक होते, पण ते असे कोणी मध्ये आणून ठेवत नसे. मामांनी डब्यातला शेवटचा घास खाल्ला, पाणी प्याले आणि म्हणाले, "चालायचंच. चाक फिरतं." मग उठून पेला विसळायला नळावर गेले. त्यानंतर कारखान्यात एक समजूत पक्की झाली. मामा जुन्या गोष्टींचा राग मनात धरून आहेत, म्हणून आपल्यात जेवत नाहीत. मामांनी ती समजूत कधी खोडून काढली नाही.

खरे कारण मला कळले ते मी आजारी पडलो तेव्हा. कुरुळीत टँकरचे पाणी प्यायचो, त्यातून कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्नाचा वास नको. तिसऱ्या दिवशी मामा आले. मामींनी मऊ भात आणि ताक दिले होते. मामांनी भात माझ्या ताटलीत काढून दिला आणि स्वतः उंबऱ्याबाहेर पायरीवर बसले.

"आत या ना मामा. ही कावीळ लागते म्हणून भिता का?"

मामांनी मान हलवली. "तुझी कावीळ पाण्यातली आहे बीएस्सी. ती येते आणि जाते. माझी वेगळी आहे. ती रक्तात आहे, आणि ती जात नाही."

मग त्यांनी सांगितले. लग्नाला काही महिनेच झाले होते. जयंतीला संत तुकाराम नगरमध्ये रक्तदान शिबिर असते. मामांनी त्या वर्षी पहिल्यांदाच रक्त दिले. मग रक्तपेढीतून निरोप आला की येऊन भेटा. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे, यापुढे रक्त देऊ नका. कुठून आला ते कळायला मार्ग नव्हता. लहानपणी गावात एक डॉक्टर सायकलवर यायचा आणि एकाच सुईने सगळ्या वस्तीला टोचायचा, तेव्हा आला असेल. आईकडून जन्मतःच आला असेल. मामींची तपासणी झाली, त्यांना काही नव्हते. त्यांना लस दिली. पुढे प्रज्ञा झाली, तिला जन्मल्या दिवशीच पहिला डोस दिला. बाकीच्या डोसांना मामा स्वतः तिला कडेवर घेऊन महापालिकेच्या दवाखान्यात गेले.

"मग आता भीती कसली?" मी विचारले.

"डॉक्टर म्हणतात, हा रक्तातून जातो. वस्तरा वेगळा ठेवा, जखम झाकून ठेवा. जेवणाखाण्यातून जात नाही."

"मग?"

"डॉक्टर बरोबर असतील. पण मला पोरगी एकच आहे."

घरीही त्यांचे ताट, वाटी, पेला सगळे वेगळे होते. पायरीवर बसून ते हळू आवाजात बोलत होते. "माझ्या बापाची कपबशी गावातल्या हॉटेलाबाहेर वळचणीला असायची. चहा पिऊन त्यानेच धुवायची आणि परत तिथेच ठेवायची. बाप म्हणायचा, काय वाटेल ते करीन, पण पोराच्या वाट्याला वेगळी कपबशी येऊ देणार नाही. आणि आलीच नाही बघ कधी, शहरात. मग मीच आणली. माझ्या घरात, माझ्या हाताने."

आमच्याही गावात असे एक हॉटेल होते. मी ते पाहिले नाही, पण ऐकून होतो. मी भात चिवडत राहिलो. मामांनी विषय बदलला आणि निघताना बजावले, "कंपनीत बोलू नको. दौंडकर बोलतो ते बरं आहे. जुन्या रागाला माणसं घाबरत नाहीत, रोगाला घाबरतात."

बरा झाल्यावर मामींनी मला जेवायला बोलावले. संत तुकाराम नगरमध्ये त्यांचे दोन खोल्यांचे घर, भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली प्रज्ञाची शाळेतली बक्षिसे. ती तेव्हा सहावीत होती. आम्ही जमिनीवर बसलो. मामांचे ताट खिडकीखाली, आमच्यापासून हातभर लांब. जेवता जेवता प्रज्ञाने हळूच हात लांबवून त्यांच्या ताटातला पापड ओढला. मामांनी ताट एकदम मागे घेतले. आमटी सांडली.

"पप्पा, एक तुकडा फक्त."

"मामी, तिला दुसरा भाजून दे," मामा माझ्याच शब्दात बायकोला म्हणाले, इतके ते गडबडले होते.

"दुसरा नको, तुमच्या ताटातला पाहिजे."

"हट्ट नको करू."

मामींनी फडके आणून आमटी पुसली. "डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय. पण ऐकतील ते रोकडे कसले," त्या मला म्हणाल्या. "हिला एक घास कधी भरवला नाही यांनी. उष्टावणसुद्धा माझ्या भावाने केलं."

मामा मुलीवर जीव टाकत. तिची वेणी घालत, तिच्या सायकलमागे धावत. पण जिथे तोंड आणि अन्न आले तिथे त्यांचा हात आखडायचा. "तिला कवच आहे," ते मला म्हणत. "सगळे डोस झालेत. पण कवच आहे म्हणून वार करून बघायचा का?"

दुसऱ्यांना आपल्यापासून इतके जपणाऱ्या या माणसाने स्वतःला मात्र जपले नाही. दर सहा महिन्यांनी तपासायला या, असे त्यांना सांगितलेले होते. पहिली काही वर्षे ते गेले. काही दुखत नव्हते, खुपत नव्हते, जायचे तर कामाची पाळी बुडवावी लागे. मग जाणे सुटले. मी कधी आठवण केली तर म्हणत, "मला काय धाड भरलीय?"

प्रज्ञा बारावी झाली आणि तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मामांनी सगळ्या कारखान्याला पेढे वाटले, अर्थात आधी बॉक्स उघडून दुसऱ्यालाच वाटायला देऊन. त्याच सुमारास त्यांची पँट कमरेला सैल झाली होती. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवे भोक पाडले होते. संध्याकाळी पाय सुजत. मी म्हटले, दाखवून घ्या. ते म्हणाले, पोरीचे कॉलेज सुरू होऊ दे.

कॉलेज सुरू झाले आणि एका रविवारी सकाळी मामा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. हातात कपड्यांची पिशवी.

"बीएस्सी, काही दिवस इथे राहू का?"

मला वाटले घरात भांडण झाले. ते खाली बसले आणि म्हणाले, "पोरीचं कवच गेलं."

नर्सिंगच्या मुलींना रुग्णांचे रक्त हाताळावे लागते, म्हणून कॉलेजने सगळ्यांची तपासणी केली होती. लसीने रक्तात जी प्रतिकारद्रव्ये तयार होतात, ती किती आहेत ते बघतात. प्रज्ञाच्या रक्तात ती जवळजवळ नव्हतीच. लहानपणी घेतलेली लस, इतक्या वर्षांत उतरून गेली, असा मामांनी अर्थ लावला. म्हणजे गेली कित्येक वर्षे ही मुलगी कवचाशिवाय आपल्या शेजारी वावरत होती. ते रात्र कशीबशी काढून घराबाहेर पडले होते.

माझे बी.एस्सी.चे रसायनशास्त्र इथे काही कामाचे नव्हते. मी चहा केला. मामांनी पिशवीतून पेला काढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रज्ञा स्कूटीवरून आली. मोशीच्या ट्रॅफिकमधून आल्यामुळे धुळीने माखली होती. ती दारातच उभी राहिली.

"पप्पा, घरी चला."

"आधी तुझं नीट होऊ दे."

"माझं काही बिघडलेलंच नाही. आमच्या मॅडम म्हणाल्या, असं पुष्कळ मुलींचं येतं. एक डोस घ्यायचा आणि महिन्याने परत बघायचं."

"मग महिन्याने येतो."

"तुम्ही घरात असल्याने मला काही होत नाही, पप्पा."

"रिपोर्टमध्ये कवच नाही म्हणून आलंय. ते मी वाचलंय."

 तिचा आवाज बदलला. "शेजारची पिंकी तिच्या पप्पांच्या ताटात जेवायची. मी रोज बघायचे. तुम्ही माझ्यापासून ताट ओढून घ्यायचात. मला आजार-बिजार काही माहीत नव्हतं तेव्हा. मला वाटायचं, माझेच हात घाण आहेत. मी जेवायच्या आधी दोनदोनदा साबण लावायचे."

मामांनी तिच्याकडे बघितले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या मनातसुद्धा आले नसावे. त्यांच्या बापाला त्या हॉटेलाबाहेर जे वाटले असेल, तेच आपल्या मुलीला आपल्याच घरात वाटत होते. त्यांनी पिशवी उचलली, पेला आत टाकला आणि मला म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे तू पण चल. मला समजलं नाही तर तू समजून घे."

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या. दवाखान्यात गर्दी होती, तरी त्यांनी शांतपणे सांगितले. लसीनंतर रक्तात जी प्रतिकारद्रव्ये येतात ती वर्षे गेली की कमी होत जातात, मोजायच्या यंत्रात दिसेनाशीही होतात. पण त्याचा अर्थ संरक्षण संपले असा नाही. शरीरात काही पेशी असतात, त्या रोगाची ओळख लक्षात ठेवतात. विषाणू आत आलाच तर त्या जाग्या होतात आणि भराभर नवी द्रव्ये तयार करतात. हा आजार अंगात मुरायला वेळ घेतो, तेवढ्यात हे काम होऊन जाते. म्हणून लहानपणी सगळे डोस घेतलेल्या निरोगी माणसाला सहसा परत लस द्यावी लागत नाही. नर्सिंगवाल्यांचे काम रक्ताशी, म्हणून एक डोस देऊन खात्री करून घ्यायची, एवढेच.

मामा पुढे वाकून ऐकत होते. "म्हणजे मॅडम, यार्डात माल दिसत नाही, पण पॅटर्न रॅकवर आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागल्या. मी फाउंड्रीचे थोडक्यात सांगितले. त्या हसल्या. "हो. तसंच समजा."

"आणि वाळवी लागत नाही त्याला?"

"सहसा नाही लागत."

मामा मागे टेकले. खोलीतले सगळे हलके झाल्यासारखे वाटले, पण ते क्षणभरच. मामांनी विचारले, "म्हणजे हिला आधीपासूनच काही धोका नव्हता?"

"घरात एकत्र राहण्या-जेवण्याने हा आजार तसाही जात नाही, रोकडे. आणि तिची लस झालेली होती."

"म्हणजे एका ताटात चाललं असतं."

"चाललं असतं."

"पहिल्या वाढदिवसाचा केक? तिने माझ्या तोंडाला लावला होता. मी तोंड फिरवलं."

"चाललं असतं."

"जत्रेत उसाचा रस एकाच ग्लासात?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "चाललं असतं, रोकडे."

 प्रज्ञा खिडकीकडे तोंड करून उभी होती. डॉक्टर आता रिपोर्टकडे नाही, मामांच्या पायांच्या सुजेकडे बघत होत्या. मग त्यांच्या डोळ्यांकडे. "तुमची स्वतःची तपासणी शेवटची कधी झाली?"

मामा पेल्याची पिशवी हातात फिरवत राहिले.

सोनोग्राफी त्याच आठवड्यात झाली. यकृत आकसले होते आणि त्यात गाठ होती. या आजाराला रोखून धरणाऱ्या गोळ्या आहेत, वेळेवर धरल्या तर माणूस वर्षानुवर्षे चांगला जगतो, हे मला तेव्हा कळले. मामांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली होती.

ते घरी परत गेले, पण ताट वेगळेच ठेवले. "डोसाचा निकाल येऊ दे," म्हणाले. मामी चिडल्या, प्रज्ञा चिडली नाही. तिने डोस घेतला. महिन्याने रक्त दिले. निकाल आला त्या दिवशी मामा राजीनामा द्यायला कारखान्यात आले होते. दोन्ही पाय पट्टीच्या चपलांत मावत नव्हते. फोनवर प्रज्ञा बोलत होती आणि मामा ऐकत होते. मग त्यांनी फोन बंद केला आणि लॅबच्या खिडकीत आले.

"बीएस्सी, ऑर्डर दिली आणि एका महिन्यात यार्ड भरलं. यंत्राची मोजपट्टी संपली म्हणे, इतकं." त्यांनी भिंतीला हात टेकला. "होता रे पॅटर्न. पहिल्यापासून होता."

जेवणाची सुट्टी झाली. मामा शेडमध्ये आले, घेऱ्यात बसले, मागे सरकले नाहीत. दौंडकरच्या डब्यावरच्या भाकरीचा तुकडा त्यांनी मोडून घेतला आणि तोंडात टाकला. सगळे बघत राहिले.

"काय मामा," दौंडकर म्हणाला, "आज राग गेला वाटतं आमच्यावरचा."

"राग नव्हता रे कधी."

"मग?"

मामांनी सगळ्यांसमोर सांगितले. रक्तातली कावीळ, रक्तपेढी, पेला, सगळे.  दौंडकरने खाली बघितले आणि आपला डबा उचलून मामांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या. अजून घ्या," तो म्हणाला. "आमाला वाटलं... जाऊ द्या."

मामा उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. दौंडकर शेवटपर्यंत खांद्याला होता. स्टोअर आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे. नमुन्यांची मापे कॉम्प्युटरमध्ये चढवून घेतली आहेत. मागचे तीन रॅक मात्र अजून हलवलेले नाहीत. नव्या माणसाने विचारले की मी म्हणतो, असू द्या.

ते गेले त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. दुपार होती. मामा पलंगावर उशीला टेकून बसले होते, पोट फुगलेले, हात काडीसारखे. प्रज्ञा कॉलेजातून नुकतीच आली होती, अजून पांढऱ्या गणवेशात. मामींनी त्यांना पातळ चहा दिला होता, त्याच चेपलेल्या पेल्यात. त्यांच्याने दोन घोट जेमतेम गेले. ते मला वाळूची खबर विचारत होते आणि मी काही तरी सांगत होतो.

प्रज्ञा पलंगाच्या कडेवर बसली. तिने काही विचारले नाही, नुसता हात पुढे केला. मामांचा हात सवयीने मागे गेला. मग तिथेच थांबला. त्यांनी पेल्याकडे बघितले, तिच्याकडे बघितले आणि पेला तिच्या हातात दिला.

ती प्यायला लागली. जिथे त्यांचे ओठ लागले होते, तिथेच तिने ओठ लावले होते. मामा तिच्या गळ्याकडे बघत होते. साच्यातून पहिले कास्टिंग निघताना ते असेच बघत, श्वास रोखून. ती पीत राहिली, तेव्हा त्यांनी हळूच तिच्या मनगटाला हात लावला.

"सगळा संपवू नको," ते म्हणाले. "मला ठेव थोडा."